धुरकट काच

दिवेलागणीच्या आधी अर्धा तास आजी सोप्यात बसायची. पुढ्यात दोन कंदील, चुलीतली चाळलेली राख आणि जुन्या धोतराची चिंधी. काच काढायची, आत 'हाऽऽ' करून वाफ सोडायची, चिंधीवर चिमूटभर राख घ्यायची आणि बोटं आत घालून काच गोल फिरवत राहायची. मग मावळतीकडं धरून एक डोळा मिटून आत बघायची. काजळीचा बारीक ठिपका राहिला असला तरी पुन्हा हाऽऽ. तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली तेव्हा हे काम माझ्याकडं आलं, आणि पहिल्याच आठवड्यात एक काच माझ्या हातून फुटली. ती ओरडली नाही. 'काच हाय, फुटायचीच,' एवढंच म्हणाली आणि कराडला जाणाऱ्या कुणाकडं तरी निरोप धाडला.

कंदील 'प्रभाकर'चे होते, ओगलेवाडीचे. आमच्या उंब्रजपासून कराड पंधरा-वीस किलोमीटर, आणि कृष्णा ओलांडली की ओगलेवाडी. कराडचं रेल्वे स्टेशन तिथंच आहे. ओगले बंधूंनी १९१६ साली तिथं काचकारखाना काढला, तेव्हा ती जागा औंध संस्थानात होती. त्यांच्या वडिलांचं नाव प्रभाकर, तेच कंदिलाला दिलं. लहानपणी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कंदिलावरची उठावाची अक्षरं तेवढी बोटानं चाचपायचो.

मुंबईला मी १९८२ साली गेलो. गिरण्यांचा संप चालू होता, आमच्या भागातली माणसं ट्रंका घेऊन गावाकडं परतत होती आणि मी वायरमनचा दाखला घेऊन उलट्या दिशेनं निघालो होतो. लालबागला मामाच्या खोलीत आधीच सात जण, मी आठवा. एका कंत्राटदाराकडं चिकटलो. त्याचं काम ओव्हल मैदानाच्या कडेला आणि मरीन ड्राइव्हला, जुन्या इमारतींचं वायरिंग बदलण्याचं. त्या इमारती १९३० ते ४०च्या दरम्यानच्या. गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, जिन्याच्या कठड्याला उगवत्या सूर्याची जाळी, लिफ्टच्या दाराला त्रिकोण. आता त्यांना आर्ट डेको म्हणतात, २०१८ साली युनेस्कोच्या यादीतही गेल्या. आम्ही त्यांना 'लाकडी पट्टीवाल्या' म्हणायचो, कारण आतली सगळी वायर लाकडी केसिंग-कॅपिंगमधून नेलेली असायची आणि ती उचकटताना ढेकूण बाहेर पडायचे.

१९८७ साली ओव्हलवरच्या एका घरात काम निघालं. म्हातारी पारशी बाई एकटीच राहायची. दिवाणखान्याच्या मधोमध तीन साखळ्यांवर एक काचेचं भांडं टांगलेलं होतं. घमेल्यासारखं पसरट, चौदा-एक इंच रुंद, दुधात पाणी घातल्यासारख्या रंगाचं. बाई म्हणाली, "ते काढ नी टूबलाइट लाव. मला पेपर वाचता येत नाही." मी शिडीवर चढून काढलं. आत पन्नास वर्षांचे पतंग मरून पडले होते. ठेवू कुठं विचारलं, तर म्हणाली, "ठेवू नको, घेऊन जा. कचरावालीला देशील तर ती माझ्याकडं पैसे मागेल."

चाळीच्या नळावर मध्यरात्री ते धुतलं, कारण दिवसा नंबर लागत नाही. धूळ गेल्यावर पाकळ्या दिसायला लागल्या. फुलांच्याच, पण फूल कंपासपेटी घेऊन काढल्यासारखं. पाकळ्यांचे उंचवटे गुळगुळीत आणि मधली जागा धुरकट. काठाजवळ अक्षरं होती: मुलर फ्रेर, लुनेव्हिल. उच्चार अर्थात नंतर कळला. मी बिलबुकाच्या पाठीमागं रोमन अक्षरं जशी दिसली तशी उतरवून घेतली.

दिवाळीला गावी येताना भांडं गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतलं. खंबाटकी घाटात प्रत्येक वळणाला मी ते असं आवळून धरत होतो की शेजारच्या माणसानं विचारलं, लेकरू आजारी आहे काय. घरी तोवर वीज आली होती. सोप्यात आढ्याला एक पिवळा बल्ब लोंबत होता. बहिणीच्या देखत भांडं बाजेवर ठेवलं आणि आढ्याला हूक मारायला हातोडा आणायला शेजारी गेलो. परत येतो तो आजी जमिनीवर बसलेली, भांडं मांडीवर, आणि राख घेऊन एक पाकळी खसाखसा घासतेय.

"आगं आजी, काय करतीस!"

"लई काजळलंय रं. चार येळा घासलं तरी निघंना."

मी ते तिच्या हातातून काढून घेतलं तेव्हा ती थोडी दुखावली. तिच्या लेखी मी मुंबईहून एक घाण भांडं आणलं होतं आणि ती ते स्वच्छ करून देत होती. तिला समजावताना मला पहिल्यांदा नीट कळलं की हा दिवा कंदिलाच्या बरोबर उलटा आहे. कंदिलाची ज्योत दुबळी. तिच्यातला कण न् कण बाहेर यायला काच जितकी नितळ तितकी चांगली. विजेचा बल्ब आडदांड. त्याची तार डोळ्यात खुपते, म्हणून काच मुद्दाम आंधळी करायची. काचेवर आम्ल सोडून तिचा वरचा थर खाऊ द्यायचा, म्हणजे ती धुरकट होते. जिथं चकाकी हवी ते उंचवटे घासून पुन्हा उजळायचे. घरात नवीन वीज आलेल्या लोकांचा डोळा दिपू नये म्हणून फ्रान्समधल्या चार-दोन गावांतले काचकाम करणारे वीस-पंचवीस वर्षं याच एका गोष्टीत डोकं घालून बसले होते. आजीनं मान हलवली आणि म्हणाली, "मग एवढी वीज घ्यायचीच कशाला?"

ते भांडं त्या रात्री लावलं. सोप्याच्या कुडावर पाकळ्यांच्या सावल्या पडल्या. फार सुंदर वगैरे नव्हतं खरं तर. बल्ब चाळीसचा आणि त्यात व्होल्टेज कमी, त्यामुळं जेवताना ताटातलं दिसेना. वडिलांनी दुसऱ्या दिवशी उतरवायला लावलं.

पण खाज लागली ती लागली. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर तेव्हा जुन्या पुस्तकांच्या राशी असायच्या. तिथं एक परदेशी लिलावाचा कॅटलॉग चाळीस रुपयांना मिळाला. त्यात माझ्या बिलबुकावरची अक्षरं सापडली. मुलर बंधू मूळचे अल्सास-लोरेनकडचे, नान्सीला एमिल गॅलेच्या हाताखाली शिकलेले आणि मग लुनेव्हिलला आपली भट्टी घातलेले. म्हणजे त्यांच्यातही घराणी होती, आपल्या गवयांसारखी. शार्ल श्नायडर आधी दोम यांच्याकडं, मग स्वतःचा कारखाना. दोम यांच्या सहीत नान्सीच्या नावाजवळ लोरेनचा दुहेरी आडव्या दांड्याचा क्रूस. दगे नावाची सही ही खरं म्हणजे डेव्हिड गेरों या माणसाच्या नावाची मोडतोड. मार्यूस सॅबिनो, तो दुधी-निळसर काचेचा. मी कॅटलॉगमधली चित्रं पाठ करत गेलो. फ्रेंच येत नव्हतं, अजूनही येत नाही.

नावांमधलं एक माझ्या घरात आधीच होतं, हे मला दहा वर्षांनी कळलं. एडगर ब्रांड हा घडीव लोखंडाचा उस्ताद. फणा काढलेल्या नागाच्या वेटोळ्यावर दोमची काच ठेवलेला त्याचा उभा दिवा जगप्रसिद्ध आहे. पॅरिसच्या विजयकमानीखाली अनामिक सैनिकाच्या थडग्यावर जी ज्योत १९२३ पासून जळते, तिचं तोंड त्यानंच घडवलं. माझा चुलतभाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीत मॉर्टरवर होता. सुट्टीवर आला असताना त्याला मी कौतुकानं ब्रांडचा दिवा दाखवत होतो, तर तो म्हणाला, "ब्रांड? आमच्या ट्रेनिंगमध्ये ८१ एमएम मॉर्टरच्या इतिहासात हे नाव होतं." खरंच होतं. स्टोक्स-ब्रांड मॉर्टर, तोच माणूस. दिवाणखान्यातला नाग आणि उखळी तोफ, दोन्ही एकाच्याच डोक्यातून. सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी. त्यामुळं गावात मला माझा छंद समजावून सांगायला पुढं हाच ब्रांड उपयोगी पडला.

वायरमन असल्याचा मला एक फायदा झाला, जो मोठ्या संग्राहकांना नसतो. त्यांना काच दिसते, मला होल्डर दिसतो. फ्रान्समध्ये जुने दिवे पिनवाल्या बल्बचे, आपल्यासारखे, २२ मिलिमीटरचे. जर्मन दिवे आट्यांचे. त्यामुळं कुणी 'अस्सल पॅरिसचं झुंबर' म्हणून आट्यांचा होल्डर दाखवला की मी आधी विचारतो, हा कधी बदलला? होल्डर बदलणं हा गुन्हा नाही, मी स्वतः बदलतो. त्या वेळची कापडी वेष्टणाची वायर ११० व्होल्टसाठी ओढलेली, आत रबर कुजून चुरा झालेला. त्यावर आपले २३० सोडले तर दिवा नाही, सरण पेटेल. पण विकणाऱ्याला उत्तर देता आलं पाहिजे. मग साखळ्या बघायच्या, त्यांचं निकेल घासलेलं आहे की नुसतं काळवंडलंय. मग काचेच्या भोकांच्या कडा. पन्नास-साठ वर्षं लोखंडाचा आकडा जिथं टेकला तिथं काच थोडी खरवडलेली असलीच पाहिजे. नसली तर ती कधी टांगलीच नव्हती, कपाटात बसून म्हातारी झाली, किंवा म्हातारी झालीच नाही.

एवढी अक्कल असूनही मी फसलो. १९९६ साली मटण स्ट्रीटवर एका दुकानात 'आर. लालिक' कोरलेलं एक भांडं दिसलं. रने लालिक, दागिने घडवता घडवता काचेकडं वळलेला. अल्सासमधल्या विंगेन नावाच्या खेड्यात १९२१ साली त्यानं कारखाना उभारायला घेतला, आणि १९२५च्या पॅरिस प्रदर्शनात आतून उजळणारं पंधरा मीटर उंच काचेचं कारंजं उभं केलं. त्याची सही कोरलेलं भांडं मुंबईत, अठरा हजाराला. मी तोवर स्वतःची छोटी कंत्राटं घेत होतो, हातात एका सोसायटीचा आगाऊ चेक होता. विचार न करता दिला. बायकोला चार हजार सांगितले.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी, आंघोळ करून, स्वच्छ बोटांनी मी त्यावरून हात फिरवला आणि पोटात खड्डा पडला. आम्लानं धुरकट केलेली काच साईसारखी लागते. ही घासपेपरसारखी लागत होती. वाळूचा झोत मारून केलेली. मग भिंग घेऊन सही बघितली. भांड्याच्या बुडाला वापराचे ओरखडे होते आणि सहीच्या रेघा त्या ओरखड्यांच्या वरून गेल्या होत्या. म्हणजे आधी काच झिजली आणि मग लालिकनं सही केली. तो १९४५ला वारला. त्याच्या पश्चात कंपनीनं सहीतला 'आर' काढला, म्हणून 'आर' असलेल्या वस्तूला भाव जास्त, आणि म्हणूनच खोटा 'आर' कोरणारे जगभर बसलेत. दुकानदाराकडं गेलो. त्यानं चहा पाजला. "साहेब, मी कुठं म्हणालो लालिकचं? तुम्हीच वाचलं." हे शब्दशः खरं होतं. तो एक शब्दही बोलला नव्हता. मीच मोठ्यानं वाचलं होतं, आणि त्यानं मान खाली घालून ऐकलं होतं. ते भांडं अजून आहे. बायको त्यात कांदे ठेवते, खरी किंमत तिला कळल्यापासून.

त्यानंतर मी सही शेवटी बघायला लागलो. आधी वजन, मग साच्याची शिवण, मग भोकं, मग बोट. आणि सगळ्यात आधी लावून बघायचं. विझलेल्या काचेवरून काही कळत नाही. जां पेर्झेल नावाचा एक कारागीर होता. सुरुवात चर्चच्या रंगीत काचांपासून केली, १९२३ साली स्वतःची कार्यशाळा काढली. त्याचा एक लहानसा भिंतीवरचा दिवा माझ्याकडं आहे. विझलेला असताना गोदरेजच्या कपाटाचा भाग वाटतो, इतका साधा. लावला की बल्ब कुठं आहे ते सांगता येत नाही, पूर्ण काच सारख्याच उजेडाची होते, डाव्या कोपऱ्यात जेवढी तेवढीच उजव्या. कुठलंही फूल नाही, पाकळी नाही. माझ्या मते या सगळ्या मंडळींत बल्ब खऱ्या अर्थानं कळला होता तो यालाच. बाकीचे फूल दाखवायला दिवा लावत होते. लालिकला मानणारे माझ्या या मतावर चिडतात, चिडोत.

एक मात्र मला कायम गमतीचं वाटतं. यातल्या एकालाही आपण 'आर्ट डेको' करतोय हे माहीत नव्हतं. ते नाव १९६०च्या दशकाच्या शेवटी रूढ झालं, तोवर बहुतेक भट्ट्या विझलेल्या होत्या. आणि यातलं सर्वांत उंची घर मराठी माणसाचं होतं. इंदूरचे यशवंतराव होळकर, ज्यांचे पूर्वज आमच्या अलीकडच्या नीराकाठचे. त्यांनी १९३०च्या सुमारास एकार्ट मुथेझियुस या जर्मन तरुणाकडून माणिकबाग बांधून घेतली. आत रूलमनचं फर्निचर, आणि मुथेझियुसच्या त्या लाल खुर्च्या, ज्यांच्या डोक्याशीच वाचायचे दिवे बसवलेले. १९८० साली ते सामान मोनॅकोत लिलावात गेलं. तेव्हा मी दहावी नापास होऊन उंब्रजच्या स्टँडवर टायर पंक्चर काढत होतो. पुढं पुस्तकात त्या खुर्चीचा फोटो बघून पहिला विचार आला, वायर कुठून नेली असेल?

आता ज्याचं मला खरं वाईट वाटतं ते. २००० नंतर कधीतरी कराडला एका भंगारवाल्याकडं तांब्याच्या वायरीचे तुकडे घालायला गेलो होतो. आमच्या धंद्यात ती वरकमाई. काट्याच्या मागं कंदिलांचा ढीग पडला होता. पन्नास-साठ तरी असतील. चेपलेले, काचा नसलेले, दोऱ्यात ओवून बांधलेले. बहुतेक प्रभाकर. ओगलेवाडीचा कारखाना तोवर बंद पडलेला होता. भंगारवाला पत्र्याच्या भावानं किलोवर देत होता. मी एक उचलला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि परत ठेवला. त्या आठवड्यात मला मुंबईला एक सॅबिनो बघायला जायचं होतं, पैसे त्यासाठी राखलेले, आणि डोक्यात तेच. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा ढीग नव्हता.

हिशेब केला तर काय दिसतं. ओगल्यांचा कारखाना १९१६चा, लालिकचं विंगेन १९२१चं. दोन्ही खेडी. दोन्हीकडं भट्टीपुढं उभी राहून माणसं घामानं निथळत दिव्याची काच करत होती, त्याच वर्षांत. विंगेनची काच मी मटण स्ट्रीटवर अठरा हजारांना खोटी घेतली आणि ओगलेवाडीचे खरे कंदील माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर किलोवर चालले होते. आजीच्या दोन कंदिलांपैकी एक गंजून गेला. एक आहे. त्याची काच मूळची नाही, कुठल्या कंपनीची आहे ते मलाही सांगता येत नाही. ओगलेवाडीची चिमणी आता शोधतोय. फ्रेंच दिवा शोधायला कॅटलॉग असतात. कंदिलाच्या चिमणीला लोकांच्या माळ्यावर चढावं लागतं, आणि म्हातारी माणसं विचारतात, "कशाला पायजे? वीज तोडली का तुझी?"

२०१९ला मी कामं बंद करून उंब्रजला परत आलो. तेवीस दिवे होते, सगळे टेम्पोनं आणले. थर्मोकोल महाग पडत होतं, म्हणून पुतण्यानं उसाचं पाचट पाठवलं. पाचटात गुंडाळून, गोणपाटात शिवून, एकही फुटला नाही. पाचटाइतकं चांगलं वेष्टण मी पाहिलं नाही. फक्त पुढचे दोन महिने प्रत्येक भांड्यातून मुंग्या निघत होत्या. आता समर्थांच्या मारुतीकडं जाणाऱ्या वाटेवर आमचं घर आहे, तिथल्या माडीवर ते टांगलेत. जुने बल्ब मिळेनासे झाले आणि त्यांच्या उष्णतेनं काचेला धोकाही असतो, म्हणून पिवळ्या उजेडाचे एलईडी लावले. पांढरे लावले की मुलरच्या पाकळ्या कापसाच्या वाटतात.

मागच्या वर्षी पुण्याहून एक व्यापारी बघायला आला. सभ्य माणूस, जाणकार. पेर्झेलपुढं बराच वेळ उभा राहिला, त्यामुळं मला आवडला. मग त्या पहिल्या मुलरखाली आला. मी दिवा लावला. त्यानं मान वर केली, भोवती एक फेरी मारली आणि खिशातून भिंग काढलं.

"हा नग फार चांगला आहे," तो म्हणाला. "पण इथं बघा. ही एक पाकळी. बाजूची धुरकट जागा झिजवलीय कुणीतरी, उजेड फुटतोय तिथून. कुणी पॉलिश मारायचा प्रयत्न केलाय का?"

"राख," मी म्हणालो.

"काय?"

"चुलीतली राख. चाळून घेतलेली."

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या नगाचा आकडा तीस टक्के खाली आणला. मी म्हटलं, तो विकायचा नाहीये, तुम्ही बाकीचे बघा. तो बाकीचे बघायला लागला. खालून बायकोनं हाक मारली, चहा वर आणू की खाली येताय.